पाटा-वरवंट्याचा विग्रह

गिरगाव,
८ नोव्हेंबर १९५६

सौ. सुमतीस,

आशीर्वाद वगैरे मागाहून. आधी तक्रार, आणि ती रीतसर दाखल करून घे.

खाली सही करणार, वय वर्षे चौपन्न, धंदा शाळेत संस्कृत शिकवणे, लेखी कळवतो की आमच्या स्वयंपाकघरात मोरीशेजारी काळ्या दगडाचा एक पाटा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून एकटा पडून आहे. त्याचा वरवंटा एका बाईने जुन्या लुगड्यात गुंडाळून प्रभादेवीला भावाच्या घरी नेला. चष्म्याचे घर इथेच विसरली, गरम शाल विसरली, वरवंटा मात्र विसरली नाही. पाटा-वरवंटा हा द्वंद्व समास आहे. त्यातली दोन्ही पदे सारख्या मानाची, एकावाचून दुसऱ्याचे चालत नाही. समासाचा विग्रह करायचा तो फळ्यावर, खडूने. त्यातले एक पद उचलून कोणी ट्रॅममधून घेऊन जात नाही. तीस वर्षे मी हे वर्गात ओरडून सांगतो आहे. घरात कोणी ऐकत नव्हते, हे आता कळले.

परिणाम असा की पंचवीस दिवसांत जिभेला चटणी लागलेली नाही. दिवाळीचा फराळ वरच्या मजल्यावरच्या शशिकांतच्या बायकोने आणून दिला. चकल्या कडक होत्या. तिच्या तोंडावर म्हटले, उत्तम. शशिकांत बँकेत कारकून आणि उरलेल्या वेळी संयुक्त महाराष्ट्र समितीचा आमच्या वाडीतला सेनापती. तो जिन्यात भेटला. म्हणाला, "मास्तर, वहिनी कधी येणार?"

एक तारखेपासून आपल्या डोक्यावर ते गुजराती-मराठीचे द्वैभाषिक राज्य बसले आहे, आणि वाडीत दुसरा विषय नाही. मी कंटाळून म्हटले, "द्वैभाषिक मोडलं की."

त्याला ते फार आवडले. आता वाडीत समज असा आहे की तू प्रभादेवीला महिलांच्या प्रभातफेऱ्या काढतेस आणि राज्य मिळेपर्यंत घरी न येण्याची तुझी प्रतिज्ञा आहे. नळावर तुझ्याविषयी फार आदराने बोलतात. मी खोडून काढलेले नाही. खरे सांगण्यापेक्षा ते बरे.

आता माझा गुन्हा. तुला न विचारता मी वरवंट्याला छिन्नी लावली. अकरा घाव. मोजून अकरा. स्वयंपाकाचे एक हत्यार मी बिघडवले, हे कबूल. पण एकतीस वर्षांच्या संसारात मी याहून महागाच्या वस्तू बिघडवल्या आहेत आणि तू जागची हलली नव्हतीस. ते शिलाईचे यंत्र आठव.

जयवंताने मला निरोप दिला होता, "भाऊजी, ताई म्हणते, तुम्ही इकडे येऊ नका." बरे. येत नाही. गिरगावातून प्रभादेवीला ट्रॅम जाते, पण मी तिच्याकडे पाहतही नाही. टपाल खात्याला तू मनाई केलेली नाहीस, म्हणून हे पत्र.

तू कधी येतेस, एवढेच कळव. एका ओळीचे कार्ड पुरे.

तक्रारदार,
रघुवीर


गिरगाव,
२५ नोव्हेंबर १९५६

सौ. सुमतीस,

जयवंताचे कार्ड आले. "ताई बरी आहे. पत्र वाचले. उत्तर देणार नाही म्हणते. एवढेच विचारते की भाऊजींना पन्नाशी उलटल्यावर हे दगडांचे काय सुचले." तुझ्या धाकट्या भावाचे अक्षर इतके सुरेख आहे की अपमानसुद्धा लग्नपत्रिकेसारखा वाटतो.

प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की मी थकलो होतो.

तीस वर्षे "रामः रामौ रामाः". समोरची मुले बदलतात, राम तसाच ताजातवाना, म्हातारा होतो तो मास्तर. गेल्या वर्षी वर्गात एकदा मला सप्तमी आठवेना. मुलांच्या लक्षात आले नाही, कारण ती ऐकत नव्हती. घरी येऊन तुला सांगितले नाही.

आणि मग जानेवारी. संचारबंदी, शाळा बंद, गॅलरीचे दार लावून आपण दोघे आत. खाली पळापळ, आणि ते आवाज, जे फटाक्यांचे नाहीत हे आपल्याला कळत होते आणि आपण एकमेकांना बोलून दाखवत नव्हतो. सकाळी दार उघडले तर गॅलरीत एक दगड. नारळाएवढा, काळा. कोणी कोणावर तरी मारलेला, कोणालाच न लागलेला. तू म्हणालीस, "टाका तो खाली." खाली टाकणे म्हणजे पुन्हा दगडफेक, आणि खाली पोलिसांची गाडी उभी. म्हणून दगड राहिला.

चार दिवस मी त्याच्याकडे बघत बसलो. दुसरे करायला काही नव्हते. ऊन सरकायचे तसा तो बदलायचा. चौथ्या दिवशी त्यात म्हैस बसलेली होती. मान वळवून रवंथ करणारी. मी शोधली नाही, ती होतीच. फक्त मानेखाली दगड थोडा जास्त होता. तुझी खिळे ठोकायची हातोडी घेतली, एक जाड खिळा घेतला, आणि मानेखालच्या दगडाबरोबर तिचा एक कानही उडवला.

संचारबंदी उठल्यावर रस्त्यातून पहिली हाक आली ती गंगुबाईची. "टाकीऽऽ! पाट्याला टाकीऽऽ!" दर दोन महिन्यांनी तू तिला वर बोलवायचीस आणि ती गुळगुळीत झालेला पाटा टाकीने, म्हणजे तिच्या त्या टोकदार छिन्नीने, ठिपके पाडून पुन्हा खरखरीत करून द्यायची. त्या दिवशी तिने म्हैस पाहिली.

"हिला कुनी मारलं?"

मी म्हटले, "मी."

"मास्तर, दगुड मारायचा नसतोय. त्येच्या कडंकडंनं जावं. त्येला सुटायचंच असतंय, आपुन निस्तं दार उगडायचं."

या बाईला अक्षरओळख नाही. मी तिला त्याच दिवशी मनात गुरू केले. तुला मात्र सांगितले की पाट्याचे काम नीट करते का यावर लक्ष ठेवतोय. त्यानंतर ती आली की मी तिच्याजवळ उकिडवा बसायचो, आणि तू म्हणायचीस, "लक्ष फार बारीक आहे हो तुमचं."

पुढचे तुला माहीत आहे. रविवारी जयवंताकडे आलो की मी "पाय मोकळे करून येतो" म्हणून किनाऱ्यावर जायचो आणि कोटाचे खिसे भरून परतायचो. तू अस्तर तीन वेळा शिवलेस. दगड खिडकीत ठेवायचा, पंधरा दिवस फिरवत राहायचा, वर पाणी शिंपडून पाहायचे. ज्यात काही दिसेल तोच घ्यायचा, आणि जेवढे जास्त असेल तेवढेच काढायचे. बहुतेकांत काही नसायचे. ते मी पिशवीतून परत किनाऱ्यावर नेऊन टाकायचो. जयवंताच्या आळीत मला लोक काय समजत असतील कोण जाणे.

शशिकांत एकदा बघून म्हणाला, "मास्तर, फणस झकास झालाय."

"तो झोपलेला हमाल आहे."

"मग पोट झकास झालंय."

तू कधी काही बोलली नाहीस. म्हशीच्या पाठीवर विरजणाचे भांडे ठेवलेस, तीच तुझी पसंती. एकदाच म्हणालीस, "इतके दगड आणताय तर एखादा घरच्या कामाचाही आणा." मी हसलो होतो. तेव्हा हसायला यायचे.

वर्गात मी दमलेला जायचो आणि दमलेला यायचो, पण संध्याकाळी हातात छिन्नी घेतली की दमायला वेळ नसायचा. एवढेच ते. तू येशील तर हे सगळे दगड मी खाली चौकात लावून देईन. शशिकांतला सांगितले तर तो त्यांची समितीसुद्धा स्थापन करील.

तुझा,
रघुवीर


गिरगाव,
१६ डिसेंबर १९५६

सौ. सुमतीस,

तीन आठवडे झाले, जयवंताचेही कार्ड नाही. पहिल्या पत्रात मी वरवंट्याला "स्वयंपाकाचे हत्यार" म्हटले. दुसऱ्यात त्याचे नावच काढले नाही. ते तुझ्या ध्यानात आल्यावाचून राहिले नसणार. लपवाछपवीलाही अंगात जोर लागतो, तो आता माझ्यात नाही. म्हणून सरळ लिहितो.

तो नुसता वरवंटा नव्हता, हे मला माहीत होते. छिन्नी उचलण्याआधी माहीत होते.

एकतीस सालचा श्रावण. दत्तूचे बारसे. तुझ्या आईने वरवंटा धुतला, तेल लावले, कुंकू लावले, त्याला दत्तूचेच एक झबले आणि कुंची घातली, आणि बाळाच्या आधी पाळण्यात निजवला. बारशाला त्याला गोप्या म्हणतात. मूल दगडासारखे टणक व्हावे म्हणून दगड शेजारी ठेवायचा. बायका त्याला पाळण्याखालून, पाळण्यावरून एकमेकींच्या हातात देत होत्या. तुझी आई मला म्हणाली, "बघा जावईबापू, जुळे झाले."

मी म्हटले, "थोरला जरा काळा आहे."

सगळ्या हसल्या. तू बाळंतिणीच्या खाटेवरून हसलीस ते मला आठवते.

चौदा महिन्यांनी घटसर्प झाला. तीन दिवस. इतक्या लहानाचे सुतकही तीनच दिवसांचे. चौथ्या दिवशी सकाळी तू पाट्यापुढे बसलीस आणि थोरल्याला हातात घेऊन खोबरे वाटू लागलीस. मी दारात उभा होतो. तू मान वर केली नाहीस. त्यानंतर चोवीस वर्षे रोज वाटलेस, आणि मी समजलो की तुझ्या दृष्टीने तो वरवंटा पुन्हा वरवंटा झाला. तसे समजणे मला सोपे होते.

अष्टमीला तू देवीला गेलीस. वरवंटा धुऊन गॅलरीत उन्हाला उभा केला होतास. तुझे दोन तळहात रोज जिथे पडतात तिथे त्याला दोन खळगे आहेत. मी कधी पाहिले नव्हते. त्या उन्हात दिसले. वरच्या टोकाचा खळगा उशीत दाबलेल्या गालासारखा आहे, झोपेत एका कुशीवर वळलेल्या मुलाच्या. मी गाल कोरला नाही, सुमती. तो तुझ्या हातांनी झालेला होता. मी मिटलेले डोळे काढले, नाक काढले, जिवणी काढली. अकरा घाव.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची पूजा. तू विळी मांडलीस, खलबत्ता मांडलास, पाटा मांडलास. मी उभ्या जन्मात पहिल्यांदा माझी हत्यारे मांडली, छिन्नी आणि हातोडी, आणि वरवंटा आणून मधोमध ठेवला, चेहरा वर करून. शाबासकीची वाट बघत होतो. चौपन्नाव्या वर्षी, शाळेतल्या पोरासारखा.

तू हळदीचे बोट घेऊन वाकलीस, आणि तशीच थांबलीस. म्हणालीस, "हा कोण?"

मला दुसरे कितीतरी बोलता आले असते. नुसते नाव घेता आले असते. माझ्या तोंडून निघाले, "विग्रह."

विग्रह म्हणजे मूर्ती. विग्रह म्हणजे समासाची फोड. विग्रह म्हणजे भांडण. लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐट मिरवायला मी तुला हे तिन्ही अर्थ शिकवले होते. मला पहिला म्हणायचा होता. तू बाकीच्या हत्यारांना हळदकुंकू लावलेस, त्याला लावले नाहीस, आणि एक दिवस सोडून घरातून निघालीस.

आयुष्यात एकदा बायकोने खरा प्रश्न विचारला आणि मी तिला श्लेष दिला. वर्गात अशा मुलाला मी बाकावर उभा करतो.

काल गंगुबाई आली होती. पाटा एकटा बघून विचारले, "जोडीदार कुटं?" मी सांगितले. नाक काढले म्हटल्यावर हसून हसून तिला ठसका लागला. "नाकानं मिरची वाटावी व्हय बाईनं?" मग माझे तोंड बघून पदराने डोळे पुसले. म्हणाली, "जाईल वो ते. वाटत ऱ्हायलं की झिजतंय. मीठमिरचीपुढं नाक कुटं टिकायचं? आन् नवाच पायजेल आसंल तर एक लांबडा गोटा बघा, हातभर, दोनी अंगानं निमुळता. मी करून देते बाईला."

म्हणून मी आता तसा दगड शोधणार आहे. ज्यात काहीही दिसत नाही असा.

रघुवीर


गिरगाव,
२२ जानेवारी १९५७

सौ. सुमतीस,

परवाच्या रविवारची हकीकत तुला जयवंताने सांगितली असेल. तरी माझी बाजूही नोंदवून ठेव, कारण सरकारदफ्तरी एक बाजू नोंदली गेली आहे आणि तीत मी दंगलखोर आहे.

तू येऊ नको म्हणालीस ते घरी. समुद्राला तुझे बंधन नाही, असा अर्थ लावून मी सकाळी किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. तासभर हिंडून सहा दगड निवडले, पाच असेच, आणि एक लांबट, गंगुबाईने सांगितला तसा, हातभर, दोन्हीकडून निमुळता. त्यात मी मुद्दाम फार वेळ पाहिले. काही दिसले नाही. फार बरे वाटले.

परत रस्त्यावर येतो तो नाक्यावर पोलीस. गेल्या वर्षी गोळीबारात गेलेल्यांसाठी त्या दिवशी सभा होती, मिरवणूक निघायची होती. धोतर, काळी टोपी आणि जड पिशवी असलेला माणूस पाहून शिपायाने थांबवले आणि चौकीवर नेले. तिथला फौजदार थकलेला होता. डोळे लाल. त्याला पाहून मला शाळेतल्या शेवटच्या तासाची आठवण झाली.

"पिशवीत काय?"

"दगड."

"कशाला?"

मी खरे तेच सांगितले. "चटणीला."

त्याने लेखणी खाली ठेवली. "म्हातारबुवा, सकाळपासून तिघांनी मला सांगितलं की दगड खिशात आपोआप आले. तुमचं निदान नवीन आहे. कोणावर मारणार होता?"

"पाट्यावर."

"नाव, धंदा?"

"मास्तर. संस्कृतचा."

"मास्तरांनीही सुरू केलं का?" मग लांबट दगड हातात घेऊन त्याने तोलून पाहिला. "आणि हा? हा तर डोकं फोडायलाच घडवलाय."

"तो घडवलेला नाही. तेच त्याचं वैशिष्ट्य आहे."

यानंतर ओळख पटवायला कोणी आहे का, असे त्याने विचारले, आणि मला तुझ्या भावाचे नाव सांगावे लागले. जयवंत आला तो कोट चढवून, बटणे वरखाली लावलेली. मला वाटले, आता ओशाळेल. पण तुझा भाऊ गुणी आहे. म्हणाला, "साहेब, हे दगड मारणाऱ्यातले नाहीत हो. यांनी नेम धरून कधी आंबासुद्धा पाडला नाही. माझी बहीण यांच्यावर रागावून आमच्याकडे आली आहे, तिच्यासाठी नवा वरवंटा शोधत होते."

फौजदाराने माझ्याकडे पाहिले. मला वाटते, तोही विवाहित असावा. "माणूस न्या," म्हणाला, "दगड राहू द्या."

सहाही दगड तिथेच राहिले. लांबटही.

जयवंत मला घरी घेऊन गेला. "ताईला मी सांभाळतो," म्हणाला. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलो. तुझी भावजय उर्मिला चहा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "ताई आत वाटताहेत."

मी म्हटले, "ऐकतोय."

तुझा वाटण्याचा आवाज मला पाठ आहे. दोन लांब, एक आखूड, आणि मग बांगडी मागे सरल्याची किणकिण. परवा त्यात चौथा आवाज होता. खट्. वरवंट्याचे वरचे टोक खाली आले की खट्. मला क्षणभर कळेना. मग कळले. नाक.

उर्मिलेला वाटले, मला मिरचीचा ठसका लागतोय. तिने दार ओढून घेतले आणि सांगू लागली. "आमचाही वरवंटा आहे घरात, पण ताई त्याला हात लावत नाहीत. आणलेल्या त्यानेच वाटतात. सकाळी वाटतात, दुपारी वाटतात. वाटायचं काही नसेल तर भिजवलेले तांदूळ घेतात. दोघांच्या घरात किती चटणी खायची, भाऊजी? हे तर आता नुसता भात मागतात."

जयवंत म्हणाला, "तू गप गं."

तीन महिने. म्हणजे दसऱ्यापासून रोज तू त्याला पालथा धरून, तोंड खाली करून वाटते आहेस. गंगुबाईने मला जे डिसेंबरात सांगितले, ते तुला कोणी सांगावे लागले नव्हते.

चहा संपवला. तू वाटत राहिलीस, मी हाक मारली नाही. उठताना जयवंत म्हणाला, "भाऊजी, मी आत जाऊन विचारू का?" मी म्हटले, "नको, तिचं काम चाललंय." ट्रॅमने घरी आलो. रिकामी पिशवी हातात होती, आणि शशिकांतने जिन्यात विचारले, "मास्तर, सभेला गेला होतात ना? शाबास!" मी मान डोलावली. आता मला मान डोलावण्याचाही शीण होतो.

रघुवीर


गिरगाव,
३ फेब्रुवारी १९५७

सुमती,

कार्ड मिळाले. अक्षर जयवंताचे, पण वाक्य तुझे आहे हे कोणीही ओळखील. "ताई म्हणते, नाक गेले. डोळ्यांना वेळ लागेल."

लागू दे. मी नवा दगड शोधायला जाणार नाही, आणि कधी येतेस असे आज विचारत नाही. एक दुसरीच गोष्ट सांगायची आहे. ती मी चार पत्रे टाळली, आणि त्याआधी बरीच वर्षे.

मला दत्तूचा चेहरा आठवत नाही.

त्याचे वजन आठवते. डाव्या खांद्यावर डोके टाकून झोपायचा, तो खांदा आजही कधी कधी जड होतो. पायातल्या वाळ्याचा आवाज आठवतो. टाळूला लावलेल्या तेलाचा वास आठवतो. केस कसे होते तेही आठवते, मागे विरळ, गादीवर घासून घासून. चेहऱ्याच्या जागी काही नाही. कधीपासून नाही, तेही सांगता येणार नाही. एकदम गेला नाही. एक दिवस शोधला आणि नव्हता.

त्याचा फोटो तू काढू या म्हणाली होतीस. त्याला बरोबर वर्ष झाले तेव्हा. मी म्हटले, पुढचे दात पुरते येऊ देत, मग हसला तर छान येईल. हे तुला आठवत असणार. तू कधी बोलून दाखवले नाहीस, म्हणून मीही कधी बोललो नाही.

तुझ्या घरचे आले की तू म्हणायचीस, दत्तूची जिवणी थेट अप्पांसारखी होती. मी "हो, अगदी" म्हणायचो. तुझ्या वडिलांची जिवणी मला आठवते, म्हणून ती मी त्याच्यावर लावून पाहायचो. बसायची नाही. तरी "हो" म्हणायचो.

मग तो दगड गॅलरीत येऊन पडला, आणि त्यात म्हैस होती. मी तुला लिहिले की थकलो होतो म्हणून दगडांच्या नादी लागलो. ते खोटे नाही, पण पुरते खरेही नाही. मला वाटले, दगडात आधीपासून काही असते, तर तोही कुठल्या तरी दगडात असेल. आपण फक्त बघत राहायचे. वर्षभर मी किनाऱ्यावर तेच करत होतो. हमाल सापडला, शशिकांतला त्यात फणस सापडला. वरवंट्यावर तुझ्या हाताने झालेला गाल पाहिला तेव्हा वाटले, हाच. गाल खरा होता, अजूनही मला तसेच वाटते. पण पुढचे डोळे, नाक, जिवणी मी माझ्या मनाने घातली. कोणाची आहेत ते मला ठाऊक नाही. वर्गातल्या एखाद्या पोराची असतील. माझ्याकडे दुसरे चेहरे कुठले?

म्हणून तू ते घासून काढते आहेस, ते बरोबर आहे. माझी हरकत नाही.

तू "हा कोण?" म्हणालीस. इतके दिवस मी तो राग समजत होतो. तुला तो नीट आठवतो, म्हणून माझे हे परके पोर तुला सोसले नाही, असा मी अर्थ लावला, आणि त्यात मला एक आधारही होता. मला नसेना का आठवत, तुला आठवतो. तू आहेस तोवर तो आहे.

त्या दिवशी जयवंताकडे खुर्चीवर बसून तुझे वाटणे ऐकताना भलतेच मनात आले आणि तेव्हापासून जात नाही. दोन आठवडे शाळेत मी काय शिकवतो आहे मला माहीत नाही. तू खरोखरच विचारत होतीस का? हा आपलाच की दुसऱ्या कोणाचा, हे तुला कळले नाही, म्हणून विचारलेस का?

तुला आठवत असेल तर मला सांगू नकोस, कसा होता ते. नुसते "आठवतो" एवढे कळव. येऊ नकोस, रागावलेली राहा, माझी तक्रार नाही. पण तुलाही आठवत नसेल, तर त्याला पाहिलेले आता कोणीच उरले नाही. मला त्याची भीती वाटते, सुमती.

रघुवीर